विश्लेषण : इंग्रजीत शब्दाला ‘कोट्स’ लावले की अर्थ उलटा का होतो?

नोकरीच्या अर्जात हमखास सापडेल असे एक वाक्य पाहा.

आय वर्क्ड ॲज अ ‘टीम लीडर’ फॉर टू इयर्स.

लिहिणाऱ्याचा हेतू सरळ आहे. टीम लीडर हे पद महत्त्वाचे, ते नजरेत भरावे, म्हणून त्याभोवती अवतरण चिन्हे आली. पण इंग्रजीत मुरलेला एखादा एचआर अधिकारी हेच वाक्य वेगळे वाचतो. त्याला ऐकू येते ते असे : ‘म्हणे टीम लीडर होता!’ पद खरे होते का, कागदावरचे होते का, की उमेदवार स्वतःच थट्टा करतोय, अशी शंका एका चिन्हाने पेरली जाते. व्याकरण चुकलेले नाही, स्पेलिंग चुकलेले नाही. अर्थ मात्र उलटा झाला.

शाळेत ज्याला ‘इन्व्हर्टेड कॉमा’ म्हणायचे आणि आता सगळे ‘कोट्स’ म्हणतात, ते हे चिन्ह. दिसायला किरकोळ. पण याच चिन्हावरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला आहे आणि याच चिन्हाच्या अभावी भारतात पीएचडीचा प्रबंध परत येऊ शकतो.

मराठीत चालते ते इंग्रजीत का चालत नाही?

याचे मूळ मराठी व्याकरणाच्या पुस्तकात आहे. मराठीत विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. म्हणजे ही चिन्हे आली इंग्रजीतूनच. पण इथे आल्यावर त्यांनी आपला संसार वेगळा थाटला. शालेय व्याकरणात आजही नियम असा शिकवतात : बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे द्यायचे असतील तर दुहेरी अवतरण चिन्ह आणि एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असेल तर एकेरी.

हा दुसरा नियम मराठीत पूर्ण बरोबर आहे. पुस्तकाचे नाव, घराचे नाव, विशेष शब्द, नवा शब्द, सगळे एकेरी चिन्हात बसते. मराठी वृत्तपत्रांनी आणि त्याहून जास्त वेबसाइट्सनी तर त्याचा सपाटा लावला आहे. ‘या’ अभिनेत्रीने सोडली मालिका, ‘त्या’ फोटोमागचे सत्य, ‘हे’ पाच पदार्थ टाळा. (या लेखाचे शीर्षकही त्यातून सुटलेले नाही.) मराठी वाचकाला त्यात शंका दिसत नाही, फक्त बोट दाखवलेले दिसते.

इंग्रजीत शब्द कोट्समध्ये गेला की त्याचा अर्थ होतो, ‘हा शब्द माझा नाही’. तो कुणाचा तरी आहे आणि मी तो जबाबदारी न घेता पुढे देतोय. हे एकदा लक्षात आले की बाकीचे बहुतेक नियम त्यातूनच निघतात. कुणाचे बोलणे उद्धृत केले तर शब्द त्याचे. लेखातला उतारा दिला तर शब्द लेखकाचे. आणि कुणाचे नाव नसताना साध्या शब्दाला कोट्स लावले तर वाचक विचारतो, लिहिणारा या शब्दापासून हात का झटकतोय?

इंग्रजीत या वापराला ‘स्केअर कोट्स’ म्हणतात. हा शब्दप्रयोग ब्रिटिश तत्त्वज्ञ एलिझाबेथ ॲन्स्कम यांच्या १९५६ मधील लेखनात आढळतो. बोलताना दोन्ही हातांची दोन-दोन बोटे वाकवून जे ‘एअर कोट्स’ करतात, ते याचेच हातवारे रूप.

म्हणून मासळीच्या दुकानावर इंग्रजीत ‘फ्रेश’ फिश असे कोट्ससह लिहिले तर ग्राहकाने नाक जवळ नेऊन तपासावे, असा तो इशारा होतो. सोसायटीच्या नोटिशीत लिफ्ट ‘रिपेअर्ड’ आहे असे लिहिले तर लोक जिन्याने जातील. आणि कुणाच्या पत्नीचा उल्लेख करताना ‘वाइफ’ला कोट्स लागले तर प्रकरण मानहानीपर्यंत जाऊ शकते.

पुरणपोळी, मिसळ, हळदीकुंकू असे शब्द इंग्रजीत लिहितानाही हाच घोळ होतो. ओळख नसलेला शब्द म्हणून त्याला कोट्स लावले जातात आणि वाचताना वाटते, पुरणपोळीच्या नावाखाली दुसरेच काही वाढले. अशा शब्दांसाठी इंग्रजीत तिरका टाइप, म्हणजे इटॅलिक्स, वापरतात. शब्द इंग्रजी शब्दकोशात गेला असेल तर तेही लागत नाही.

मग जोर द्यायचा कसा? शक्यतो वाक्याच्या रचनेतूनच. अगदीच गरज असेल तर इटॅलिक्स किंवा ठळक टाइप. व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना फुली, म्हणजे ॲस्टेरिस्क, टाकला की तो ठळक होतो. अधोरेषा, म्हणजे अंडरस्कोअर, टाकली की तिरका. रेझ्युमेत तर काहीच नको. टीम लीडर असाल तर नुसते टीम लीडर लिहा.

‘ही सेड दॅट’ नंतर कोट्स का नाहीत?

दुसरी चूकही मराठीतूनच येते, पण ती जरा आत दडलेली आहे. मराठीत आपण सहज म्हणतो, मी उद्या येतो असे तो म्हणाला. यातला ‘मी’ म्हणजे बोलणारा तो, हे कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. ‘असे’ किंवा ‘म्हणून’ हा शब्दच अवतरण चिन्हाचे काम करतो. मराठीत कोट्स गाळले तरी घोटाळा होत नाही.

इंग्रजीत हीच रचना उचलली की असे वाक्य जन्माला येते.

ही सेड दॅट “आय विल कम टुमॉरो.”

ही ना इकडची ना तिकडची अवस्था. इंग्रजीत दोन रस्ते आहेत आणि एकच निवडावा लागतो. पहिला, त्याचे शब्द जसेच्या तसे.

ही सेड, “आय विल कम टुमॉरो.”

इथे ‘सेड’नंतर स्वल्पविराम, मग कोट्स आणि आतले वाक्य पूर्ण असल्याने त्याचे पहिले अक्षर कॅपिटल. दुसरा रस्ता, त्याचा आशय आपल्या शब्दांत.

ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.

इथे ‘आय’चा ‘ही’ झाला, ‘विल’चा ‘वुड’ झाला, ‘टुमॉरो’चा ‘द नेक्स्ट डे’ झाला. शब्द आता सांगणाऱ्याचे आहेत, म्हणून कोट्स गेले. शाळेत डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीचची गणिते सोडवून घेतात, पण त्यामागचे कारण क्वचितच सांगतात : सर्वनाम आणि काळ बदलला म्हणजे ते शब्द त्याचे राहिले नाहीत.

तिसरा, मधला रस्ताही आहे आणि बातमीत तो फार वापरला जातो. वाक्य आपले, त्यातला एखादाच तुकडा त्याचा. उदाहरणार्थ, द ऑफिसर कॉल्ड द रोड “अ डेथ ट्रॅप”. इथे तुकड्याआधी स्वल्पविराम नाही आणि पहिले अक्षर कॅपिटलही नाही, कारण तो तुकडा चालू वाक्याचाच भाग आहे. ‘दॅट’ वापरायचाच असेल तर तो या रचनेत चालतो, अट एवढीच की आतले शब्द खरेच त्याचे असावेत आणि वाक्यात व्याकरणाने बसावेत.

आणखी एक बारीक गोष्ट. सुरुवातीचे चिन्ह पुढच्या शब्दाला आणि शेवटचे मागच्या शब्दाला चिकटून हवे. मध्ये मोकळी जागा सोडायची रीत फ्रेंचमध्ये आहे, इंग्रजीत नाही.

एकेरी की दुहेरी, पूर्णविराम आत की बाहेर?

सर्वांत जास्त वाद याच प्रश्नावर होतात आणि खरे तर सर्वांत कमी महत्त्व याच प्रश्नाला आहे. कारण उत्तर देशानुसार बदलते.

अमेरिकेत आधी दुहेरी कोट्स आणि त्याच्या आत दुसरे कुणाचे बोलणे आले तर एकेरी. ब्रिटनमधील अनेक पुस्तक प्रकाशक बरोबर उलटे करतात, आधी एकेरी आणि आत दुहेरी. पण ब्रिटनमध्येही सगळे असेच करतात असे नाही. दोन्ही बरोबर. चूक होते ती एकाच मजकुरात कधी हे, कधी ते करण्याने. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे बोलण्याला दुहेरी आणि जोर द्यायला एकेरी हा मराठी हिशेब इंग्रजीत चालवण्याने.

पूर्णविराम आणि स्वल्पविराम यांचे गणित असे. अमेरिकी पद्धतीत ही दोन चिन्हे शेवटच्या कोटच्या नेहमी आत जातात, ती मूळ बोलण्यात असोत वा नसोत. ‘शिकागो मॅन्युअल’ आणि असोसिएटेड प्रेसचे ‘एपी स्टाइलबुक’ हेच सांगतात. ब्रिटिश पद्धत अर्थ पाहते. पूर्णविराम मूळ बोलण्याचा भाग असेल तर आत, आपल्या वाक्याचा असेल तर बाहेर. फाउलर बंधूंनी १९०६ मध्ये आलेल्या ‘द किंग्ज इंग्लिश’ या पुस्तकात अर्थानुसार चिन्ह ठेवण्याची बाजू मांडली होती.

अभियंत्यांचा कल साहजिकच ब्रिटिश पद्धतीकडे असतो. कारण उघड आहे. समजा, सूचनापत्रकात लिहिले आहे की अमुक पासवर्ड टाका आणि अमेरिकी नियमाप्रमाणे वाक्याचा पूर्णविराम कोट्सच्या आत गेला. आता तो टिंब पासवर्डचा भाग आहे की वाक्याचा? तीन वेळा चुकीचा पासवर्ड टाकून खाते लॉक झालेल्या माणसाला व्याकरणाचा इतिहास सांगून उपयोग नाही. म्हणूनच कोड, कमांड, पासवर्ड अशा ठिकाणी तांत्रिक लेखनात कोट्स टाळून वेगळा टाइप वापरतात.

प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्हाबाबत मात्र अटलांटिकच्या दोन्ही काठांवर एकमत आहे. प्रश्न बोलणाऱ्याचा असेल तर चिन्ह आत.

शी आस्क्ड, “आर यू रेडी?”

प्रश्न आपला असेल तर बाहेर.

डिड ही रिअली से, “आय ॲम रेडी”?

भारतातल्या इंग्रजी मजकुरात दोन्ही पद्धती दिसतात. परदेशी विद्यापीठात अर्ज करताना त्या देशाची पद्धत धरावी, इतकेच.

एक जुना नियम मात्र दोन्हीकडे आहे आणि तो पाहून अनेकांना ती छपाईची चूक वाटते. एकाच व्यक्तीचे बोलणे दोन-तीन परिच्छेद चालले तर प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला कोट उघडायचा, पण बंद फक्त अगदी शेवटी करायचा. मधल्या परिच्छेदाच्या शेवटी कोट बंद केला तर बोलणारा थांबला, असे वाचक समजतो.

कोट्समधला शब्द बदलला तर काय होते?

इथे गोष्ट व्याकरणातून बाहेर पडून कायद्यात शिरते.

अमेरिकेतील ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात १९८३ च्या डिसेंबरमध्ये पत्रकार जॅनेट मॅल्कम यांचा दोन भागांतला दीर्घ लेख आला. विषय होते जेफ्री मॅसन. हे मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांच्या कागदपत्रांच्या संग्रहाचे काम पाहत होते आणि त्यांना तिथून काढून टाकण्यात आले होते. मॅल्कम यांनी त्यांच्याशी तासन्‌तास बोलून, चाळीसहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण करून लेख लिहिला. त्यात मॅसन स्वतःबद्दलच फुशारकीची आणि लाज आणणारी विधाने करताना दिसत होते, तीही कोट्समध्ये.

मॅसन यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. त्यांचे म्हणणे, हे शब्द माझे नाहीत. ध्वनिफितींत काही विधाने जशी छापली तशी सापडत नव्हती. मॅल्कम यांचे म्हणणे, ती विधाने टेप बंद असताना झाली आणि हाताने टिपून घेतली होती.

प्रकरण १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. न्यायालयापुढचा प्रश्न खरे तर या लेखाचाच प्रश्न होता : कोट्स लावले म्हणजे लेखकाने वाचकाला नेमके काय सांगितले? न्या. अँथनी केनेडी यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की, अवतरण चिन्हे पाहून वाचक सामान्यतः समजतो की हे बोलणाऱ्याचेच शब्द आहेत. पण बोलताना माणूस अडखळतो, व्याकरण चुकवतो. ते नीट करून लिहिले तर केवळ तेवढ्याने मजकूर खोटा ठरत नाही. शब्द बदलल्याने अर्थातच ठोस फरक पडला असेल, तर मात्र ते मुद्दाम केलेले खोटे विधान ठरू शकते. या कसोटीवर प्रकरण खाली पाठवले गेले. अखेर १९९४ मध्ये ज्युरीने मॅल्कम यांच्या बाजूने कौल दिला. दहा वर्षे दोघांचीही त्यात गेली. १९९५ मध्ये मॅल्कम यांनी जाहीर केले की, टिपणांची हरवलेली वही घरात सापडली!

न्यायालयाने थोडी सूट दिली असली तरी वृत्तसंस्था ती घेत नाहीत. ‘एपी’चा नियम आहे की, व्याकरणाची किरकोळ चूक सुधारण्यासाठीही कोट्समधला मजकूर बदलायचा नाही. चूक फारच खटकत असेल तर कोट्स काढून आशय आपल्या शब्दांत लिहायचा.

बदल करणे अटळच असेल तर तो लपवायचा नसतो. त्यासाठी इंग्रजीत खुणा ठरलेल्या आहेत. शब्द गाळला तर तीन टिंबे. आपला शब्द घातला तर चौकटी कंसात. मूळ लेखकाचीच चूक आहे हे दाखवायचे तर चौकटी कंसात ‘सिक’ हा लॅटिन शब्द. टिंबांचा वापर जपून करावा. ‘द फिल्म इज नॉट अ ग्रेट सक्सेस’ यातला ‘नॉट अ’ गाळून मध्ये टिंबे टाकली तर शब्द सगळे समीक्षकाचेच राहतात आणि पोस्टरवर चित्रपट सुपरहिट होतो.

मराठी माणसासाठी यात आणखी एक पेच आहे. मुलाखत मराठीत झाली आणि बातमी इंग्रजीत लिहिली, तर कोट्समधले शब्द कुणाचे? काटेकोर पाहिले तर ते अनुवादकाचे. प्रथा म्हणून अनुवादित बोलणेही कोट्समध्ये देतात, पण मूळ बोलणे मराठीत होते असा उल्लेख करणे योग्य. न्यायालयीन कागद किंवा संशोधनातील मुलाखत असेल तर हा उल्लेख टाळू नये. ‘माझी सटकली’ याचे इंग्रजी दोन अनुवादक दोन प्रकारे करतील आणि त्यातला एक माणसाला रागावलेला दाखवेल, दुसरा गुन्हेगार.

प्रबंधात कोट्स विसरले तर?

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियमावली अधिसूचित केली. त्यात मजकुरातील साम्याच्या टक्क्यांवर पायऱ्या ठरल्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर विद्यार्थ्याला जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारित मजकूर द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्षापर्यंत सुधारित मजकूरही देता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर गेले तर त्या अभ्यासक्रमाची नोंदणीच रद्द.

याच नियमावलीत एक ओळ अशी आहे जी विद्यार्थ्यांनी अधोरेखित करून ठेवावी. साम्य मोजताना योग्य श्रेय किंवा परवानगीसह उद्धृत केलेला मजकूर वगळायचा आहे. म्हणजे तीच चार वाक्ये कोट्समध्ये आणि स्रोतासह आली तर उद्धरण, कोट्सविना आली तर साम्य. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही कोट्समधला मजकूर बाजूला काढण्याची सोय असते. सॉफ्टवेअरला हेतू कळत नाही, चिन्ह कळते.

इथे सर्वाधिक होणारा गैरसमज असा की, शेवटी संदर्भ दिला म्हणजे झाले. तसे नाही. शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर कोट्स आणि संदर्भ दोन्ही हवेत. आशय आपल्या शब्दांत मांडला असेल तर कोट्स नकोत, संदर्भ हवाच. आणि दोन-चार शब्द इकडचे तिकडे करून, समानार्थी शब्द घालून तयार केलेले वाक्य हे उद्धरणही नसते आणि स्वतःचे लेखनही नसते. बहुतेक जण अडकतात ते याच दलदलीत.

उतारा लांब असेल तर मात्र कोट्स गायब होतात, याचे नवख्यांना आश्चर्य वाटते. मानसशास्त्र व समाजशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या ‘एपीए’ पद्धतीत ४० किंवा त्याहून जास्त शब्दांचा उतारा नव्या ओळीवर, डावीकडे जागा सोडून, कोट्सशिवाय देतात. साहित्याच्या अभ्यासात चालणाऱ्या ‘एमएलए’ पद्धतीत चार ओळींपेक्षा मोठा गद्य उतारा असाच देतात. जागा सोडलेली आहे हीच परक्या शब्दांची खूण, मग कोट्सची गरज काय? लहान उताऱ्यात क्रम असा असतो : आधी कोट बंद, मग कंसात लेखक व पृष्ठ, मग पूर्णविराम.

एआयने दिलेल्या ‘कोट’वर विश्वास ठेवावा का?

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात एका प्रवाशाने एव्हियांका या विमान कंपनीवर लावलेला दावा गाजला, तो दाव्यासाठी नव्हे. प्रवाशाच्या वकिलांनी सादर केलेल्या युक्तिवादात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल होते आणि त्यातले उतारेही होते. न्यायालयाने वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड ठोठावला.

एआय भाषा शक्यतेने जोडते. एखादा माणूस काय म्हणाला असेल याचा ती छान अंदाज करते आणि तो अंदाज कोट्समध्ये घालून देते. ‘म्हणाला असेल’ आणि ‘म्हणाला’ यातला फरक दाखवणारे चिन्हच ती उसने घेते. एसओपीमध्ये एखाद्या शास्त्रज्ञाचे वाक्य टाकण्याची हौस असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्या विषयाच्या प्राध्यापकाला मूळ वाक्य पाठ असू शकते.

फोनवर चिन्ह वाकडे का येते?

छापील पुस्तकात सुरुवातीचे आणि शेवटचे चिन्ह वेगळे असते, दोन्ही वळणदार. टाइपरायटरवर कळा वाचवण्यासाठी दोन्हींसाठी एकच सरळ उभे चिन्ह आले. संगणकाच्या जुन्या आस्की संकेतातही तेच राहिले, दुहेरीला ३४ आणि एकेरीला ३९ क्रमांक. पुढे युनिकोडने वळणदार चिन्हांना स्वतंत्र जागा दिली. आज वर्ड किंवा आयफोन सरळ चिन्ह टाइप केले की आपोआप वळणदार करतात. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड या मार्गाने ‘स्मार्ट पंक्च्युएशन’ बंद-चालू करता येते. कीबोर्डवरची कोटची कळ दाबून धरली तर सर्व प्रकार समोर येतात.

मजकुरात वळणदार चिन्हे छान दिसतात. कोडमध्ये तीच घात करतात. वर्डमधून किंवा व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेला पायथनचा तुकडा चालत नाही आणि तासभर शोधूनही चूक दिसत नाही, कारण चूक दोन वळणांची असते.

एकेरी चिन्हाचा त्रास गोवा आणि वसईच्या अनेक कुटुंबांना वेगळाच आहे. डिसूझा, डिसिल्व्हा, डिमेलो या आडनावांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘डी’नंतर अपॉस्ट्रॉफी येते. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत तेच सरळ चिन्ह मजकुराची सुरुवात आणि शेवट दाखवते. नीट न लिहिलेला प्रोग्राम ‘डी’पाशीच नाव संपले असे समजतो. म्हणून काही ऑनलाइन फॉर्म हे चिन्ह स्वीकारतच नाहीत. एका कागदावर चिन्हासह, दुसऱ्यावर चिन्हाविना, तिसऱ्यावर मध्ये मोकळी जागा आणि नावे जुळत नाहीत म्हणून पुढची धावपळ.

याच सरळ चिन्हाचा एक फायदाही फोनवर रोज घेता येतो. व्हॉट्सॲपवर एखाद्या थोर व्यक्तीच्या नावाने इंग्रजी सुविचार आला, तर त्यातले सलग सहा-सात शब्द दुहेरी कोट्समध्ये घालून गुगलवर शोधावे. मग गुगल तेच शब्द त्याच क्रमाने असलेली पाने दाखवते. निकालात त्या व्यक्तीचे मूळ पुस्तक, भाषण किंवा पत्र सापडले तर ठीक. नुसती सुविचारांची चित्रेच सापडली, तर ते वाक्य त्या व्यक्तीच्या नावावर एसओपीत, भाषणात किंवा स्टेटसवर टाकण्यापूर्वी कोट्स काढून टाकावेत आणि नावही.